नानांच्या गाडीचा तेरा नंबर

अहो वहिनी, ऐकलंत का? नानांच्या गाडीचं कळलं की नाही तुम्हाला? सुरू झाली! सुरू म्हणजे काय, काल तिन्हीसांजेला पावसहून परत आली, दिवे लावून, आतला पंखा फुल करून, आणि भाट्याच्या पुलावर एकदा म्हणून अडखळली नाही. तुम्ही माहेरी गेलात आणि सगळी मजा हुकली बघा. या अशा जवळ, ती जास्वंदीची फांदी सारा जरा. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांच्या साडूभाऊंची भाची समोरच भाड्यानं राहायला आलीय ना, तिचे कान...

तर काय सांगत होते. गाडीला काय होत होतं ते तर आळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. सकाळी गुणाची. संध्याकाळी परतताना मिस मारायला लागायची, आणि मारुती मंदिरच्या सर्कलला गर्दीत थांबली की बंद. सेल मारला की सुरू, दोन मिनिटांनी पुन्हा बंद. मीटरमधला तो पिवळा इंजिनाचा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. अ‍ॅव्हरेज पंधरावरनं दहावर आलेलं. आणि पेट्रोलचा वास, अहो, आमच्या तुळशीवृंदावनापर्यंत!

नाना आपले कार्बोरेटरच्या जमान्यातले. आधीच्या गाडीचा जेट स्वतः काढायचे, फुंकर मारायचे आणि बसवायचे. हिला फुंकर कुठं मारणार? ही २००१ सालची. २००० साली देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, त्याच सुमाराची. इंजेक्टर, सेन्सर, कॉम्प्युटर, सगळं आलं. नाना बोनेट उघडून नुसते उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. मला तर वाईटच वाटायचं.

मग एकदा टोचन करून नेली ती हायवेवरच्या त्या मोठ्या वर्कशॉपात. नाव कशाला घेऊ, काचेचं आहे, आत एसी आहे, बसल्या जागी कॉफी देतात. तिथल्या मुलानं स्कॅनर लावला, स्क्रीनवर आलं ऑक्सिजन सेन्सर. "काका, सेन्सर गेला." बदलला. कोड पुसला, दिवा विझला, नाना पेढे घेऊन घरी. आठवडा नाही गेला तोवर दिवा पुन्हा दत्त! परत नेली. प्लग काढले तर कोळशागत काळे. प्लग बदलले. मग कॉईल बदलली. दरवेळी बिल वाढतंय आणि नानांचा चेहरा लहान होतोय. शेवटी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून, दार लावून सांगितलं म्हणे, "कॉम्प्युटर गेलाय. नवा मिळत नाही, जुना शोधून प्रोग्रॅम करून देऊ. २८ हजार."

नानी सांगत होत्या, घरी आल्यावर नाना जेवले नाहीत. नुसता ताकभात.

आता आळीतले वैद्य सुरू झाले. आमच्या ह्यांचं ठाम मत, उंदीर. ह्यांचं प्रत्येक गोष्टीत उंदरावर येतं. एका रविवारी नानांच्या बोनेटखाली तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवून आले. वायर एका जागी कुरतडलेली निघाली हे खरं, पण वरचं प्लास्टिकच तेवढं, आतलं तांबं शाबूत. ह्यांना मात्र एवढंसं कारण मिळालं, दोन दिवस घरात कॉलर ताठ.

मग पुण्याचा भाचा आला, तो आयटीतला. त्यानं अंगठ्याएवढं ब्लूटूथचं काहीतरी मागवलेलं. म्हणाला, "मामा, हे खोचायचं आणि मोबाइलवर सगळं दिसतं." डॅशबोर्डखाली झोपून खोचायची जागा शोधतोय, शोधतोय... घामाघूम. मोबाइल आपला गोल-गोल फिरतोय. नंतर वायरिंगवाल्या चाचांनी सांगितलं तेव्हा कळलं, ते सोळा पिनांचं, सगळ्या गाड्यांना एकच असलेलं प्रकरण, त्याची सक्ती आपल्याकडे २०१० पासून, बीएस फोरच्या गाड्यांबरोबर. त्याआधी ज्या-त्या कंपनीची बोली वेगळी. पण त्या दिवशी पोराचा चेहरा असा उतरला! सातशे रुपयांचं ते यंत्र खिशात घालून रात्रीच्याच गाडीनं पुण्याला.

आणि आता खरी गोष्ट ऐका. त्याच आठवड्यात चिपळूणचे साडूभाऊ आले. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायचं निमित्त. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला पायानं हाणलं, आणि म्हणाले, "नाना, कॉम्प्युटर गेलेल्या गाडीला भंगारवालासुद्धा विचारत नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगतो, मी २० हजार देतो. आजच न्यायची सोय करतो." अहो, पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागतं ना, ते नानांनी नुकतंच केलेलं. पर्यावरण कर भरलेला. आणि हे २० हजार! नानी स्वयंपाकघरातनं ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. पोहे दिले, पण वर खोबरं नाही. रत्नागिरीत! खोबरं नाही! मी समजले तिथंच.

नाना मात्र मऊ पडलेले. "बघू," म्हणाले. आणि नानांचं 'बघू' म्हणजे अर्धं 'हो', तुम्हाला ठाऊकच आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी नानीच निघाल्या. कुणाला न सांगता रिक्षा केली आणि मिरकरवाड्याकडच्या त्या चाचांना घेऊन आल्या. वायरिंगवाले चाचा हो, ट्रॉलरवरच्या मोटरींपासून पीठगिरणीपर्यंत सगळं बघतात. वर्कशॉप असं काही नाहीच. एक पिशवी. त्यात मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, चिमटे लावलेल्या वायरी आणि विड्यांचा कट्टा.

मी इथंच उभी होते. म्हणजे कपडे वाळत घालत होते.

चाचांनी बोनेट उघडलंच नाही. दगडावर बसले आणि विचारलं, "कधी होतं?" नानांनी सुरू केलं, कार्बोरेटर, मग वर्कशॉप, मग सेन्सर, मग मॅनेजर काय म्हणाला... चाचा म्हणाले, "ते नव्हे नाना. काय चालू असताना होतं?" नाना गप्प. आणि वहिनी, दारातनं नानी म्हणाल्या, "दिवे लावले की होतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

नानी पदराला हात पुसत पुसत सांगायला लागल्या. सकाळी पावसला जाताना काही नसतं. येताना अंधार पडतो, हे दिवे लावतात. मग पुढनं रेडिएटरचा पंखा घुर्र करून सुरू होतो, त्याच क्षणी इंजिन बसतं. त्याच वेळी पेट्रोलचा काटा खाली येतो, आणि वळायचं बटण दाबलं तर ते टिकटिक-टिकटिक करायचं सोडून टिक... टिक... करतं. पंखा थांबला की काटा वर.

चाचांनी विडी खाली ठेवली. "ताई, तुम्ही हे वर्कशॉपात सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं?"

अहो, नानांचा चेहरा! इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसलेली बाई, पण सगळे विचारणार ड्रायव्हरला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात ओला टॉवेल.

पुढं चाचांनी काय केलं ते तर बघण्यासारखंच. बॅटरीजवळचा एक छोटा कपलर काढला, त्याच्या दोन घरांत वायरचा तुकडा खोचला आणि नानांना म्हणाले, चावी फिरवा, सेल मारू नका. त्या पिवळ्या दिव्याकडे बघा आणि मोजा. दिवा लागला, विझला. थांबला. मग पटापट तीनदा. पुन्हा एक, थांबला, तीन. असं तीन वेळा. काही जुन्या गाड्या म्हणे अशाच बोलतात, दिव्याची उघडझाप करून. स्कॅनर नको न् काही नको. एक आणि तीन म्हणजे तेरा.

"तेरा?" नानींनी कपाळाला हात लावला. "तेरावं कशाला हो मोजायला लावता सकाळी सकाळी!"

चाचा हसले, म्हणाले, "बारा आलं असतं तर सगळं आलबेल. तेरा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर."

नाना उसळले. "तो तर नवा घातलाय!"

तेव्हा चाचा काय म्हणाले माहितेय? "नाना, कॉम्प्युटर हा भिशीतल्या बाईसारखा. कानावर आलं तेवढं सांगतो. खरं-खोटं करायला उठून जात नाही." आणि हे म्हणताना माझ्याकडे बघितलं. मी आपली टॉवेल झटकत राहिले. असो. मनावर घेण्यासारखं नव्हतं... पण बघितलं खरं.

तर काय सांगत होते. कोड येतो म्हणजे त्या सेन्सरकडून येणारी खबर कॉम्प्युटरला पटत नाही, एवढंच. सेन्सर खराब असेल, मधली वायर असेल, कपलर सैल असेल, अर्थ गेली असेल. वर्कशॉपातल्या मुलानं नाव वाचलं आणि तोच पार्ट बदलला. अर्थ तपासली होती का, म्हणून चाचांनी विचारलं, तर नाना म्हणाले, हो, मीटर लावला होता, पीप वाजली. चाचांनी कपाळाला आठ्या घातल्या. पीप वाजायला वायरचा एक केस पुरतो म्हणे. पण दिवे, पंखा, ब्लोअर यांचा सगळा करंट त्या एका केसानं कसा जाणार? बंद गाडीत अर्थ तपासून काही कळत नाही, सगळं चालू करून तपासायची.

मग मीटर काढला. आधी बॅटरी, उभ्या गाडीत १२.६, झकास. इंजिन सुरू केल्यावर १४ च्या वर, म्हणजे चार्जिंगही ठीक. हे सगळं भराभर झालं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, आणि दुसरी कॉम्प्युटरच्या कपलरात मागच्या बाजूनं, त्याच्या अर्थच्या काळ्या वायरीवर. "आता दिवे लावा," म्हणाले. तिथं आकडा शून्याजवळ हवा, दहा शतांशाच्या आतबाहेर. दिवे लावले, ०.३. ब्लोअर लावला, अजून वर. सगळे श्वास रोखून उभे. रेडिएटरचा पंखा सुरू झाला घुर्र करून, आकडा ०.७, आणि गाडी धाडकन बंद.

नानी म्हणाल्या, "हेच! अगदी हेच!"

आता तुम्ही म्हणाल, पाऊण व्होल्टानं एवढं काय बिघडतं. मीही तेच म्हणाले. म्हणजे मनात. पण चाचांनी समजावलं. त्या ऑक्सिजन सेन्सरचा सगळा संसारच एका व्होल्टाच्या आतला. सायलेन्सरच्या पाइपात बसून धुराचा अंदाज घ्यायचा. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ च्या आसपास सांगायचं, कमी पडलं तर ०.१ कडे. ह्या गाडीत त्याला एकच वायर, त्याची अर्थ त्याच्या अंगातनं, पाइपातनं, इंजिनातनं बॅटरीला. इंजिनाची अर्थ चांगली. कॉम्प्युटरची अर्थ मात्र बॉडीवर, आणि ती पाऊण व्होल्टानं वर उचललेली. मग सेन्सर बिचारा ०.८ सांगतोय, कॉम्प्युटरला ऐकू येतंय जेमतेम ०.१. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. ओत आणखी! आणखी ओत! म्हणून वास, म्हणून काळे प्लग, म्हणून दहाचं अ‍ॅव्हरेज. सेन्सर दहा बदला, नवाही तेच सांगणार. असं आणखी काही महिने चाललं असतं तर सायलेन्सरमधला तो महागडा कन्व्हर्टरही जळला असता.

खरं सांगू, मला हे सगळं एका दमात कळलं. आमच्या ह्यांना अजून दोनदा सांगावं लागलं.

आता शोधायची ती अर्थ. चाचांनी बॅटरी काढली, खालचा ट्रे काढला. तिथं बॉडीवर एकच बोल्ट, आणि त्यावर चार-पाच काळ्या वायरी, दिव्यांची, पंख्याची, कॉम्प्युटरची, सगळ्यांचं माहेर तिथंच. वर हिरवट खार चढलेला. आपली समुद्राची हवा, त्यात बॅटरीच्या ॲसिडची वाफ. बोल्ट सोडवला आणि खाली काय निघालं सांगा? रंग! पांढराशुभ्र, चकचकीत रंग. पत्रा नाहीच उघडा. रंगावर वायरी ठेवून वरनं बोल्ट आवळलेला. रंगातनं वीज जाते का कधी? बोल्टाच्या आट्यांतनं जी काय जायची ती जायची, आणि आटेही गंजले.

चाचांनी नखानं रंग खरवडला, म्हणाले, "हा कंपनीचा रंग नव्हे. डेंटिंग-पेंटिंग कुठं केलं होतं, नाना?"

वहिनी, मी बघत होते नानांच्या तोंडाकडे. आधी आठवेना. मग आठवलं. मग आठवलं नसतं तर बरं असं झालं. कारण डेंटिंग-पेंटिंग झालं होतं चिपळुणात. साडूभाऊंच्या ओळखीत. 'घरच्या भावात'. आणि साडूभाऊ स्वतः तिथं खुर्ची टाकून बसले होते, देखरेखीला!

नानी एक अक्षर बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि चाचांसाठी चहा ठेवला. आलं किसल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

बाकीचं काम अर्ध्या तासाचं. काचपेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरींना नवे लग दाबून बसवले, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरनं व्हॅसलीन थापलं. पुन्हा मीटर. दिवे, ब्लोअर, पंखा, सगळं चालू. ०.०४. आकडा हलेना! बॅटरीचा मायनस थोडा वेळ काढून ठेवला, कॉम्प्युटरची जुनी आठवण पुसायला. पण त्याआधी तेरा आकडा कागदावर लिहून नानांच्या हातात दिला. न लिहिता कोड पुसणं म्हणजे पंचनामा न करता घर धुऊन काढणं म्हणे, त्या वर्कशॉपानं केलं तसं. मग पुन्हा ती वायर खोचली आणि या खेपेला मोजलं नानींनी, मोठ्यानं. "एक... एक, दोन. बारा!" पहिल्या फेरीत आयडलिंग जरा वरखाली होत होतं, ते कॉम्प्युटर नव्यानं शिकतो म्हणून. दुसऱ्या दिवशी गुपचूप.

नानांनी विचारलंच, मग कॉम्प्युटर जातच नाही का कधी? जातो, म्हणाले चाचा, पण एवढा सहज नाही. पाणी शिरलं तर, कुणी बॅटरी उलटी जोडली तर, मायनस न काढता गाडीला वेल्डिंग मारलं तर. शिवाय फार जुन्या झाल्या की आतले कपॅसिटर गळतात. पण आधी व्होल्टेज आणि अर्थ बघायची, कॉम्प्युटरचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं.

पैसे किती घेतले विचारा. ४००. चारशे, वहिनी! नानींनी बळंच पाचशे दिले आणि वर आंबोळ्यांचा डबा. आणि तो जुना सेन्सर, वर्कशॉपानं काढलेला, नानींनी हट्टानं मागून आणून फडताळात ठेवलेला. चाचांनी बघितला आणि म्हणाले, दुसऱ्या एका गाडीवर लावून बघू, मला वाटतं चांगलाय. चांगलाच निघाला.

नाना गेले होते वर्कशॉपात, तो जुना सेन्सर आणि तेराचा कागद घेऊन. मॅनेजरनं बिलं काढून दाखवली, "सर, कोड तर तोच होता." नाना म्हणाले, "कोडाला मी काही म्हणत नाही." पैसे? अहो, कसले परत मिळतायत. पुढच्या सर्व्हिसिंगला दहा टक्के सूट देतो म्हणाले. नाना कॉफी न घेता उठून आले, हे मला विशेष वाटलं. फुकटची कॉफी नाना सोडत नाहीत.

पण खरी गंमत परवा रात्री झाली. साडूभाऊंचा फोन आला, स्पीकरवर होता, आमची खिडकी उघडीच असते. "मग नाना, गाडीचं काय ठरवलंत? एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, ३५ पर्यंत जाईल." म्हणजे बघा! २० ला न्यायची आणि ३५ ला... नाना 'अं, ते, तसं' करायला लागले, तोच नानींनी फोन घेतला. आवाज साखरेचा. "भावोजी, गाडी झाली हो दुरुस्त. काही नव्हतं, अर्थचा बोल्ट रंगावर बसवला होता. तुमच्या त्या पेंटरानं. तुम्ही जवळ होतात ना बसून?"

पलीकडनं काही नाही. मला वाटलं फोनच कटला.

"ते जाऊ द्या," नानी म्हणाल्या, "गणपतीला या दोघं. मी आणि हे न्यायला येतो चिपळूणला, ह्याच गाडीनं. रात्रीचं येऊ, दिवे लावून."

तर भावोजी म्हणाले, नको नको, कशाला त्रास, आम्ही रेल्वेनं येतो, स्टेशनावरनं रिक्षा करू.